एक फ्रॉक, एक टोपी आणि दहा महिन्यांचा समुद्र : ऑस्ट्रेलियातले लोक आपला कैदी पूर्वज कसा शोधतात?

आज आपल्याला बरंच लांब जायचंय. लंडनहून थेट सिडनी. तेही जहाजाने, आणि स्वतःच्या मर्जीने नाही.

जानेवारी १७८९. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात दोन मुली उभ्या आहेत. त्यातली एक मेरी वेड. वय तेरा. रस्ते झाडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पैसे मागायचे, हे तिचं रोजचं आयुष्य. आरोप काय, तर पाणी भरायला आलेल्या आठ वर्षांच्या एका मुलीला गाठून तिच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. एक सुती फ्रॉक, खांद्यावर घ्यायचं एक कापड आणि एक टोपी. फ्रॉक विकला, आणि ते खांद्यावरचं कापड मेरीच्या खोलीत सापडलं.

शिक्षा? फाशी. हो, तेराव्या वर्षी.

पण त्याच सुमारास राजा तिसरा जॉर्ज मोठ्या आजारातून बरा झाला. त्या आनंदात फाशीची वाट पाहणाऱ्या बायकांना जीवदान मिळालं आणि मेरीची रवानगी झाली ‘लेडी जुलियाना’ जहाजावर. सोबत दोनशेहून जास्त बायका. जहाज सिडनीला लागलं जून १७९० मध्ये. तिथे तिने संसार केला आणि १८५९ साली ती गेली तेव्हा तिचा वंशविस्तार तीनशेच्या पुढे गेला होता. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले केव्हिन रड हे तिच्याच वंशातले!

आता विचार करा. त्या काळातल्या लंडनमधल्या एका झाडूवाल्या मुलीबद्दल आपल्याला एवढं कसं ठाऊक? श्रीमंतांची चरित्रं असतात, तसबिरी असतात. गरिबाचं काय उरतं? उत्तर थोडं विचित्र आहे. मेरी पकडली गेली, म्हणून उरली. सरकारने तिला शिक्षा दिली आणि शिक्षा द्यायची म्हणजे कागद करायचे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. इंग्लंड आधी आपले कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवायचं. अमेरिकेने स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं आणि तो रस्ता बंद झाला. तुरुंग भरले. थेम्स नदीत जुनी जहाजं उभी करून त्यांत माणसं कोंबली. शेवटी कॅप्टन आर्थर फिलिप यांच्या हाताखाली ११ जहाजं मे १७८७ मध्ये पोर्ट्समथहून निघाली आणि २६ जानेवारी १७८८ ला सिडनी कोव्हला मुक्काम पडला. तिथून पुढे ८० वर्षांत साधारण १ लाख ६२ हजार माणसं अशी पाठवली गेली. त्यात जवळपास २५ हजार बायका. बहुतेकांचा गुन्हा चोरीचा. मुदत सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मठेप. शेवटचं जहाज ‘हुगोमाँट’, १८६८ च्या जानेवारीत फ्रीमँटलला पोहोचलं.

आता येऊया मुद्द्यावर. समजा, तुम्ही मेलबर्नमध्ये राहता आणि पणजोबांच्या पणजोबांबद्दल घरात कुजबुज ऐकलीय. शोधायचं कसं?

पहिला नियम : उलटं चालायचं. इंग्लंडपासून सुरुवात करायची नाही, आपल्यापासून करायची. आई, आजोबा, पणजी असं एकेक पायरी मागे. न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी आहे. तिथल्या मृत्यूच्या दाखल्यात एक रकाना असतो, ‘वसाहतीत किती वर्षं’. हा रकाना म्हणजे सोनं! मृत्यूच्या सालातून तेवढी वर्षं वजा केली की माणूस कधी उतरला, त्याचा अंदाज येतो.

दुसरी पायरी : तो स्वतःहून आला की आणला गेला? १८२८ च्या जनगणनेत नावापुढे दोन अक्षरं आहेत. ‘सी.एफ.’ म्हणजे मोकळा आलेला. ‘बी.सी.’ म्हणजे इथेच जन्मलेला. आणि ‘एफ.एस.’ दिसलं, तर समजायचं, शिक्षा भोगून सुटलेला. दोन अक्षरांत घरातली पाच पिढ्यांची कुजबुज संपते.

तिसरी पायरी : जहाज. हे सगळ्यात महत्त्वाचं. जॉन स्मिथ नावाचे कैदी ढिगाने आले. मग कारकुनांनी काय केलं? नावापुढे जहाजाचं नाव लिहिलं. आयुष्यभर, प्रत्येक सरकारी कागदावर. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं ना, तसंच काहीसं. फक्त इथे गावाच्या जागी जहाज.

जहाज सापडलं की त्या जहाजाची कैद्यांची यादी काढायची. तिला ‘इंडेंट’ म्हणतात. सुरुवातीच्या याद्यांत नाव, खटल्याची जागा, तारीख आणि शिक्षा, बस्स. पुढच्या काळातल्या याद्या मात्र बोलक्या आहेत. जन्मगाव, कामधंदा, लिहिता-वाचता येतं का, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण. पळून गेला तर ओळखता यावा म्हणून हे लिहिलेलं. पण आज वंशज वाचतात, ‘डाव्या दंडावर नांगर आणि दोन अक्षरं’, आणि शोधत बसतात, ती अक्षरं कुणाची? आईची? मागे राहिलेल्या बायकोची?

आणि मग खटला. लंडनचा असेल तर ओल्ड बेलीच्या १६७४ ते १९१३ पर्यंतच्या खटल्यांचे वृत्तांत आज मोबाईलवर फुकट वाचता येतात. बाहेरगावचा असेल तर त्या परगण्याचं दप्तरखाना गाठायचा.

सावध राहायचं ते इथे : नावं कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलीत. वयं अंदाजे. काहींनी खोटी नावं सांगितली. म्हणून एका कागदावर विसंबायचं नाही. नाव, जहाज, साल, तिन्ही जुळलं तरच आपला माणूस.

गंमत म्हणा की दुःख म्हणा, टास्मानियाच्या वर्तणूक नोंदींत जो दारू पिऊन पडला, मुकादमाला उलट बोलला, फटके खाल्ले, त्याची पानं भरलेली आहेत. जो मुकाट्याने राबला, त्याच्यापुढे जागा कोरी. चांगलं वागलं की इतिहासातून गायब!

हे सगळं लोकांनी एवढी वर्षं का नाही शोधलं? लाज. या कलंकाला इंग्रजीत नावच पडलं होतं. व्हॅन डीमन्स लँडने तर कैदी येणं थांबल्यावर १८५६ मध्ये नावच बदललं, टास्मानिया झालं. घरोघरी आजोबा ‘खलाशी म्हणून’ आलेले असायचे. आज उलट झालंय. कैदी पूर्वज सापडला की लोक अभिमानाने सांगतात. २००७ मध्ये युनेस्कोने या कैदी नोंदींना जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान दिलं.

पण मंडळी, या अभिमानाला एक दुसरी बाजू आहे. शिक्षा संपल्यावर कैद्याला जमीन मिळायची. एकट्या पुरुषाला ३० एकर, लग्न झालेलं असेल तर आणखी. ती जमीन रिकामी नव्हती. सिडनीच्या किनाऱ्यावर गॅडिगल लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. त्यांना कुणी विचारलं नाही. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याच हातात दुसऱ्याची जमीन आली. पूर्वजाचा खटला वाचणाऱ्याने त्याच्या जमिनीचा कागदही वाचायला हवा. गोष्ट तिथे पूर्ण होते.

आणि आपलं काय? ‘काळं पाणी’ म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८१५ पासून, मुंबई आणि बंगालमधून कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले गेले. कागद त्यांचेही झाले. त्यांची नावंही परक्या कारकुनाने ऐकू आली तशी लिहिली. तिथे कुणाचं तरी आडनाव अजून आपली वाट बघत असेल.

म्हणून आज एवढंच करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या घरात कुणाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं? आणि उत्तर मिळालं, तर लिहून ठेवा. साल आणि गावासकट.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!