पीडीएफ अर्ज
पीडीएफ अर्ज : संगणकावर वा टॅब्लेटवर उघडून पडद्यावरच भरता येणारा दस्तऐवज. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या पीडीएफ या फाइल-स्वरूपात मजकूर व चित्रे यांची मांडणी पक्की असल्याने पान निरनिराळ्या यंत्रांवर सारखेच दिसते. २००८ मध्ये पीडीएफ स्वरूप आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. भरता येणाऱ्या अर्जात ‘क्षेत्रे’, म्हणजे मजकुराच्या चौकटी, खुणेची घरे व पर्यायांच्या याद्या, असतात आणि त्यांतील माहिती पानाच्या मूळ मजकुरापासून वेगळी साठवली जात असल्याने नंतर बदलता येते. नुसत्या स्कॅन केलेल्या अर्जात क्षेत्रे नसल्याने अक्षरे वरून टंकावी किंवा टॅब्लेटवर लेखणीने लिहावी लागतात. क्षेत्रासाठी नेमलेल्या फाँटमध्ये देवनागरी नसल्यास मराठी नावाच्या जागी रिकामे चौकोन उमटू शकतात. म्हणून अर्ज तयार करतानाच योग्य युनिकोड फाँट त्यात समाविष्ट करणे आवश्यक ठरते.