‘आर्मेचर’ : चिलखत की सांगाडा?

वीजयंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानांत ‘आर्मेचर जळाले’ हे वाक्य नेहमी कानी पडते. मूर्तिकार मातीच्या पोटातील तारेच्या सांगाड्यास तेच नाव देतो. इंग्रजी कोश उघडावा, तर त्याच शब्दाचा जुना अर्थ चिलखत! बाहेरचे आवरण आणि आतला आधार एका नावाने का ओळखले जावेत?

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रे व साधने. ‘आर्मातूरा’ म्हणजे युद्धाची सज्जता. फ्रेंचातून झिजत आलेला हा शब्द इंग्रजीत ‘आर्मर’ झाला. पुढे विद्वानांनी तोच लॅटिनातून पुन्हा उचलला, तो ‘आर्मेचर’. ही एकाच आईची दोन लेकरे. या कुळाच्या मुळाशी ‘जोडणे, नीट बसविणे’ अशा अर्थाचा प्राचीन धातू असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृत ‘अर’, म्हणजे आपल्या चाकाचा आरा, हाही त्याच गोत्रातला.

चिलखत यंत्रात शिरले ते चुंबकाच्या वाटेने. लोहचुंबकाच्या टोकांस लोखंडी टोप्या चढवून त्यास ‘सशस्त्र’ करण्याचे वर्णन विल्यम गिल्बर्टने १६०० साली केले. अशा लोखंडास आर्मेचर म्हणू लागले. फॅरडेच्या १८३१ च्या शोधानंतर वीज उत्पन्न करणारी यंत्रे आली. १८५६ साली वेर्नर सीमेन्सने लोखंडी गाभ्यावर तार गुंडाळून चुंबकाच्या टोकांमध्ये फिरविली, आणि नाव त्या फिरत्या भागास चिकटले.

शिल्पातील अर्थाचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता. १८८६ साली अनावरण झालेल्या या पुतळ्याचे तांब्याचे पातळ कातडे आयफेलने योजिलेल्या लोखंडी सांगाड्यावर तोललेले होते. तांबे टिकले, त्यास लागून असलेल्या लोखंडी पट्ट्या मात्र गंजल्या. १९८६ च्या शताब्दीपूर्वी त्या काढून न गंजणाऱ्या पोलादाच्या बसवाव्या लागल्या.

आपणां मंदिरनिष्ठांस ‘कवच’ म्हटले की देवीकवच आठवते, मूर्तीवरचे चांदीचे कवच आठवते. ते सदैव बाहेरचे. म्हणून ‘आर्मेचर’साठी डोळे मिटून ‘कवच’ लिहिणे अनर्थाचे. मूर्तीच्या करारनाम्यात हा शब्द पडला, तर कारागीर वरचा पत्रा देईल, आणि आतला सांगाडा कोणी करावयाचा, यावर दावा उभा राहील. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरवावा, हा कायद्याचा जुना नियम. भाषांतरकारांनीही तो पाळावा, असे आम्हांस वाटते. मूर्तिकारासाठी ‘सांगाडा’ लिहावे, योद्ध्यासाठी ‘चिलखत’. आणि यंत्रापुरते ‘आर्मेचर’ आपल्या कारागिरांच्या तोंडी केव्हाच मराठी झालेले आहे.