भाषा एक, दार बंद

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध शिकवताना दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतो, ‘सर, दोघांची भाषा एकच होती, मग भांडण कसलं?’ घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत दोन्हींची भेसळ ऐकत वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडावा, हे स्वाभाविकच आहे. भाषा एक असली की दार आपोआप उघडते, असे आपण सीमेवरची माणसे मनाशी धरून बसलेलो असतो. खरे-खोटे आपल्याकडच्या एखाद्या कवीला विचारावे. पुण्याच्या प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवून तो किती महिने पोस्टमनची वाट पाहतो, ते तोच सांगेल!

त्या मुलाला मी हल्ली युद्धाचे नव्हे, गाण्याचे उदाहरण देतो. मी संगीतातला जाणकार नव्हे. कॉलेजात असताना मित्राच्या खोलीत ऐकलेल्या कॅसेटी, एवढीच माझी तयारी. परंतु ब्रिटिश गायकांनी अमेरिकेचे दार कसे ठोठावले, हा इतिहास कोणत्याही लढाईइतका रंजक आहे.

पहिला अडसर कायद्याचा होता. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे वीस वर्षे दोन्ही देशांच्या वादक-संघटनांचे असे बिनसले होते की, इकडचा बँड तिकडे आणि तिकडचा इकडे जाणे जवळजवळ अशक्य होते. परका वादक आला की आपल्या सभासदाची रोजी बुडते, असा साधा हिशेब. व्हेरा लिन या गायिकेची रेकॉर्ड १९५२ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिली आली, परंतु ती रेकॉर्ड होती. माणसांचा ताफा नेणे ही गोष्ट वेगळी. अखेर १९५६ मध्ये तडजोड झाली. अमेरिकेचा स्टॅन केंटन आपला वाद्यवृंद घेऊन ब्रिटनमध्ये आला आणि त्याच्या बदल्यात ब्रिटनचा टेड हीथ अमेरिकेला गेला. माणसाला माणूस, अशी देवघेव.

टेड हीथच्या वादकांनी तिकडे काय पाहिले? १० एप्रिल १९५६ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात नॅट किंग कोल हा कृष्णवर्णीय गायक त्यांच्या साथीने गात असताना काही गोरे वर्णद्वेष्टे रंगमंचावर चढले आणि त्यांनी त्याला खाली पाडले. समोरचा श्रोतृवर्ग केवळ गोऱ्यांचा होता. ज्या देशाच्या संगीतासाठी इंग्लंडमधली पोरे जीव टाकत होती, त्या देशात ते संगीत निर्माण करणाऱ्यांची ही अवस्था होती. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता क्लिफ रिचर्डची कथा. याचे मूळ नाव हॅरी वेब, जन्म १९४० चा, आपल्या लखनौचा. १९४८ मध्ये त्याचे कुटुंब मुंबई बंदरातून ‘रांची’ नावाच्या बोटीने विलायतेला गेले. दहा-अकरा वर्षांत हा मुलगा इंग्लंडमधला सर्वांत लोकप्रिय गायक झाला. १९६० च्या आरंभी तो अमेरिकेत गेला, तो मात्र अनेक कलावंतांच्या एका फिरत्या जत्थ्यातला एक म्हणून. जाहिरातीत मोठी नावे फ्रँकी अ‍ॅव्हलॉनसारख्या तिकडच्या गायकांची. टाळ्या पडल्या, पण रेकॉर्ड खपल्या नाहीत. १९६२ मध्ये तो पुन्हा गेला, एड सलिव्हनच्या प्रसिद्ध दूरदर्शन-कार्यक्रमातही झळकला, तरी व्यर्थ. ज्यांच्या घरी खुद्द एल्विस प्रेस्ली होता, त्यांनी त्याची विलायती प्रतिकृती का घ्यावी? क्लिफच्या साथीदारांची, म्हणजे ‘शॅडोज’ची, तर याहून थट्टा झाली. त्यांची ‘अपाची’ ही धून १९६० मध्ये ब्रिटनमध्ये पहिली आली. अमेरिकेत तीच धून दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, परंतु वाजवणारा होता एक डॅनिश गिटारवादक! माल पसंत, पण तुमच्या हातून नको, असा हा प्रकार.

क्लिफचे काय झाले हे लिव्हरपूलच्या चार पोरांना पक्के ठाऊक होते. यादीत पहिला क्रमांक मिळाल्याशिवाय अमेरिकेत पाऊल ठेवायचे नाही असे आम्ही ठरवले होते, असे पॉल मॅकार्टनीने पुढे सांगितले आहे. बीटल्सची रेकॉर्ड काढणारी ई.एम.आय. ही लंडनची कंपनी. तिने १९५५ मध्येच अमेरिकेतली ‘कॅपिटॉल’ कंपनी विकत घेतली होती. म्हणजे अमेरिकेतले दुकान घरचेच! तरीही १९६३ मध्ये बीटल्सची एकामागून एक गाणी कॅपिटॉलच्या अधिकाऱ्यांनी परत केली. अमेरिकेत हे चालणार नाही, असा शेरा. मालक लंडनला, पण कडी-कोयंडा हॉलिवूडच्या माणसाच्या हाती. शिक्षणखात्याशी ज्याचा पत्रव्यवहार आहे अशा कोणत्याही मुख्याध्यापकाला यात नवल वाटणार नाही.

मग ती गाणी गेली शिकागोच्या ‘व्ही-जे’ या छोट्या कंपनीकडे. ही कंपनी एका कृष्णवर्णीय जोडप्याने उभी केलेली. तिने फेब्रुवारी १९६३ मध्ये बीटल्सची पहिली अमेरिकन रेकॉर्ड काढली, तिच्या लेबलावर नावाचे स्पेलिंगसुद्धा चुकले होते. पुढची रेकॉर्ड ११६ व्या क्रमांकावर अडकली. गंमत अशी, की तेच गाणे डेल शॅनन या अमेरिकन गायकाने म्हटले, ते ७७ पर्यंत चढले. पुन्हा ‘अपाची’चाच न्याय. तिसऱ्या खेपेला फिलाडेल्फियाच्या ‘स्वॉन’ने नशीब अजमावले, तेही प्रथम फुकट गेले. त्या वेळी इंग्लंडमध्ये मात्र या चौघांना रस्त्यावर फिरणे मुश्कील झाले होते.

नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन न्यूयॉर्कला गेला. हा गृहस्थ लिव्हरपुलातल्या फर्निचरच्या दुकानदाराचा मुलगा, सौद्यात मुरलेला. एड सलिव्हनशी त्याने तीन कार्यक्रमांचा करार केला, तो एकंदर अवघ्या दहा हजार डॉलरवर. अट एकच, जाहिरातीत आमचे नाव सर्वांत वर हवे. मला या सबंध प्रकरणात हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. क्लिफच्या अपयशातून शिकण्यासारखे जे होते, ते एपस्टाईनने बरोबर उचलले आणि त्यासाठी पैसा सोडला. कॅपिटॉलनेही अखेर मान तुकवली आणि जाहिरातीसाठी चाळीस हजार डॉलर काढले.

रेकॉर्ड यायची होती १३ जानेवारी १९६४ ला. पण त्याआधीच दूरदर्शनवरील बातम्यांत बीटल्सना पाहून वॉशिंग्टनजवळच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने स्थानिक रेडिओ केंद्राला पत्र लिहिले. हे संगीत आपल्याकडे का नाही, असा तिचा प्रश्न. निवेदकाने एका हवाई सुंदरीकरवी लंडनहून तबकडी मागवून ती वाजवली आणि टेलिफोन खणखणू लागले. कॅपिटॉलला २६ डिसेंबरलाच रेकॉर्ड बाजारात आणावी लागली. १ फेब्रुवारी १९६४ ला ती पहिली आली. ७ फेब्रुवारीला चौघे न्यूयॉर्कला उतरले. ९ तारखेचा सलिव्हनचा कार्यक्रम सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला आणि ४ एप्रिलच्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. केनेडींच्या हत्येने सुन्न झालेल्या देशाला हसू हवे होते, म्हणून हे घडले, असे पुष्कळजण लिहितात. त्यात तथ्य असेलही. परंतु एपस्टाईनचा करार हत्येच्या आधीचा आहे, हेही ध्यानात घ्यावे.

आणि या पोरांनी नेले तरी काय? बव्हंशी अमेरिकेचाच ऐवज अमेरिकेला परत नेला. चक बेरी, लिटल रिचर्ड, मडी वॉटर्स या कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्ड ऐकून ती गाणे शिकली होती. रोलिंग स्टोन्सचे तर नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलेले. जून १९६४ मधला त्यांचा पहिला दौरा यथातथाच झाला, दूरदर्शनवर डीन मार्टिनने त्यांची टर उडवली. परंतु त्याच दौऱ्यात ते शिकागोला चेस कंपनीच्या स्टुडिओत जाऊन, जिथे मडी वॉटर्स गायला तिथेच, गाणी ध्वनिमुद्रित करून आले. पुढच्या वर्षी एका दूरदर्शन-कार्यक्रमात त्यांनी हाउलिन वुल्फ या बुजुर्ग ब्लूज गायकाला आपल्याबरोबर बोलावले आणि त्याच्या पायाशी बसून त्याचे गाणे ऐकले. गोऱ्या अमेरिकेतल्या कित्येक घरांत हा माणूस त्या दिवशी प्रथमच दिसला असेल. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे, श्रोत्यांना वर्णावरून वेगळे बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असे बीटल्सनी बजावले आणि ते मान्य झाले. बर्मिंगहॅमच्या घटनेला तेव्हा जेमतेम साडेआठ वर्षे झाली होती. व्ही-जे मात्र १९६६ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

दार एकदा उघडले म्हणजे सर्वांनाच उघडले, असेही नाही. ‘किंक्स’ हा लंडनचा गुणी चमू १९६५ मध्ये अमेरिकेत जाऊन काहीतरी भांडण करून आला. कारणे निरनिराळी सांगतात. तिकडच्या वादक-संघटनेने पुढे चार वर्षे त्यांना परवानाच दिला नाही. ऐन भराची वर्षे गेली. मग त्यांचा गीतकार रे डेव्हिस इंग्लंडमधली खेडी, चहा, गल्लीतली माणसे यांच्यावर लिहीत बसला. १९६८ मधला त्यांचा गावच्या हिरवळीवरचा संच त्या वेळी खपला नाही, आज तो त्यांच्या उत्तम कामांत गणला जातो.

शेवटी पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या एका पारशी मुलाविषयी. फारुख बलसारा म्हणजेच ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी. १९७४ मधला त्यांचा पहिला अमेरिकन दौरा गिटारवादक काविळीने आजारी पडल्यामुळे अर्ध्यावर सुटला. १९८० मध्ये त्यांची दोन गाणी तिथे पहिली आली, वाटले आता जिंकले. १९८४ मध्ये एका चित्रफितीत चौघांनी बायकांचे कपडे घातले. इंग्लंड पोट धरून हसले, अमेरिकेने नाक मुरडले. १९८२ नंतर फ्रेडीने तिकडे कधीच दौरा केला नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी एका विनोदी चित्रपटात काही टवाळ पोरे मोटारीत त्याचे १९७५ मधले गाणे ऐकत माना हलवताना दिसली, आणि पूर्वी नवव्या क्रमांकावर थांबलेले तेच गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले.