बरसीम

बरसीम (ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम) हे शिंबावंत कुलातील वर्षायू चारापीक मूळचे ईजिप्त व लगतच्या भूमध्य सागरी प्रदेशातील असून विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते सिंधमार्गे भारतात आले. पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशातील दुग्धव्यवसायाचा हिवाळा मुख्यतः याच चाऱ्यावर निघतो. महाराष्ट्रात थंडी अल्पकाळ टिकत असल्यामुळे कापण्या कमी मिळतात. त्यामुळे येथील शेतकरी लसूणघास पसंत करतो.

पेरणी ऑक्टोबर ते मध्य-नोव्हेंबरात, हेक्टरी २५–३० किग्रॅ. बियाणे वापरून करतात. बियाण्यात कासनी या तणाचे बी अनेकदा मिसळलेले असते. बियाणे मिठाच्या पाण्यात टाकल्यास ते हलके बी तरंगते व काढून टाकता येते. धुतलेल्या बियाण्यास रायझोबियम जिवाणू चोळून ते पाणी भरलेल्या वाफ्यांत फोकतात. पहिल्या कापणीचा चारा वाढावा म्हणून सोबत थोडी मोहरी पेरतात.

पहिली कापणी सुमारे ५० दिवसांनी व पुढच्या २५–३० दिवसांच्या अंतराने करतात. जमिनीपासून ५–७ सेंमी. खुंट राखल्यास फुटवा जोमदार येतो. मुळांवरील गाठी हवेतील नायट्रोजन स्थिर करत असल्याने पुढील पिकाचे खत वाचते. कोवळे बरसीम एकटेच खाऊ घातल्यास जनावरांना पोटफुगी होते, म्हणून ते कडबा किंवा भुशात मिसळूनच द्यावे.