मणक्याच्या ऑपरेशननंतर पाठ आखडलेलीच राहते, तेव्हा काय करावे?

मणक्याचे ऑपरेशन होऊन तीन-चार महिने झाले. पायात उतरणारी कळ गेली, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. पण सकाळी उठताना पाठ लाकडासारखी होते आणि मांडीच्या मागची शीर ओढल्यासारखी वाटते. मग घरात कुजबुज सुरू होते, "ऑपरेशन फसलं की काय?" बहुतेक वेळा तसं नसतं.

पाठीकडून ऑपरेशन करताना मणक्याला चिकटलेले स्नायू बाजूला सारावे लागतात. ते भरून येतात, पण कमजोर होऊन. दुसरं म्हणजे, दुखणाऱ्या जागेभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात, जणू शरीर स्वतःच प्लास्टर घालून घेतं. सुरुवातीचे काही आठवडे ते ठीक असतं. पुढे दुखणं कमी झालं तरी आवळण्याची सवय राहते. त्यात ऑपरेशनआधी कित्येक महिने माणूस वाकडा चाललेला आणि पडून राहिलेला असतो. तेवढ्यात मांडीमागचे आणि कमरेपुढचे स्नायू आखूड होतात.

स्क्रू-रॉड टाकून मणके जोडले असतील, म्हणजे फ्युजन झालं असेल, तर एक गोष्ट पेशंटला स्पष्ट सांगायला हवी. जोडलेला भाग पुन्हा वाकणार नाही. तेवढा ताठपणा कायमचा आहे, तो आजार नाही. वाकणं आता खुब्यातून आणि गुडघ्यातून शिकायचं.

आणखी एक प्रकार वेगळा ओळखावा. मानेत किंवा पाठीच्या वरच्या भागात मज्जारज्जूच दबला गेला असेल, तर पाय कडक होतात, चालताना अडखळतात, आपोआप झटके देतात. हा ताठरपणा नसांकडून येतो. त्याचं औषध वेगळं असतं आणि ते मनाने अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

खिदमत कुठे आड येते

आपल्याकडे आजाऱ्याची खिदमत मनापासून होते, आणि इथे तीच नडते. अब्बांना पाणी जागेवर, जेवण जागेवर, रिमोट हातात. दिवसभर पलंगावर राहिलेली पाठ संध्याकाळी आणखी आखडणारच. सर्जनने परवानगी दिली असेल तर चालणं हा पहिला इलाज आहे. एकदम तासभर नको. पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा, घरातल्या घरात किंवा गल्लीत, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू देऊ नका. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं. सरळ उठून बसायचं नाही.

ताण देण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवल्यावरच करावेत, कारण कोणतं ऑपरेशन झालं त्यावर ते ठरतं. साधा नियम असा: ओढ जाणवली तर चालेल, पण पायात करंट गेल्यासारखी कळ आली तर थांबा. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर प्रमाण कमी करा. श्वास रोखून ताण देऊ नये. रोखलेल्या श्वासाने स्नायू आणखी आवळतात.

जखम पूर्ण भरल्यावर पंधरा-वीस मिनिटं शेक घ्यायला हरकत नाही. जिथे त्वचा बधिर आहे तिथे मात्र गरम पिशवी नको, भाजलेलं कळत नाही. शेकण्याचं मशीन लावण्याआधी पाठीत धातू आहे हे सांगा. मांडी-पोटरीला हलक्या हाताने तेल लावा, पण मणक्यावर जोर देणारी मालिश आणि हाडवैद्याचा झटका कटाक्षाने टाळा. ऑपरेशनच्या जागेवर हिजामाही नको. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर अंगावर कुठेच चीर घेऊ नये.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, चक्कर येते. फजरला अंधारात उठणाऱ्या बुजुर्गांना यामुळे पडण्याचा धोका असतो. बिडी-तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो, हेही मशेरी लावणाऱ्या दादींना सांगा.

नमाज आणि वुजू

सगळ्यात जास्त प्रश्न याच बाबतीत असतात. सहीह बुखारीतल्या हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांच्या हदीसचा आशय सरळ आहे: उभं राहून पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही नाही तर कुशीवर. म्हणजे सवलत ही दीनमध्येच आहे. तरीही काही जण लाजेपोटी, सफमध्ये खुर्ची नको म्हणून, सहाव्या आठवड्यातच पूर्ण सजदा करतात आणि चार दिवस अंथरूण धरतात. सजद्यात कंबर आणि गुडघे पूर्ण दुमडतात, उठताना सगळा भार पाठीवर येतो. त्यामुळे सजदा कधी सुरू करायचा हे सर्जनला थेट विचारा, आणि सजदा म्हणजे काय ते त्यांना करून दाखवा. तोवर इशाऱ्याने पढावं, सजद्याचा इशारा रुकूपेक्षा थोडा खाली. उभं राहता येतं पण सजदा जमत नाही, अशा वेळी कयामबद्दल हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. कोकणातले बरेचसे शाफई, देशावरचे बहुतेक हनफी, म्हणून आपल्या इमामसाहेबांना विचारलेलं बरं.

वुजूला पाय बेसिनमध्ये उचलू नका. स्टूलवर बसून दुसऱ्या कुणाकडून पायांवर पाणी घालून घ्या. बसायच्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवावी.

खाजगी फिजिओथेरपी रोज परवडत नाही, हे खरं आहे. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. के.ई.एम., नायर अशा मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांतही फिजिओथेरपी विभाग आहेत. व्यायाम तिथे नीट शिकून घ्या आणि घरी रोज करा. डिस्चार्ज कार्ड सोबत न्यायला विसरू नका.

पण लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पंजा उचलेना, ताप येऊन जखमेतून पाणी आलं, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर हे आखडणं नव्हे. सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत घेऊन जा.