निर्जन बेटावरच्या आठ तबकड्या

‘सध्या काय ऐकतोयस?’ या प्रश्नाचं खरं उत्तर सहसा मिळत नाही. विचारणारा समोर बसलेला असतो, त्याची आवड आपल्याला ठाऊक असते, आणि त्याच्या नजरेत आपण जरा जाणकार दिसावं असं मनात कुठेतरी असतंच. मग रोज रात्री ऐकलेलं सिनेमातलं गाणं बाजूला राहतं आणि तोंडून एखाद्या अनवट रागाचं नाव निघतं. ‘का ऐकतोयस?’ हे तर बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. या दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरं काढून घेण्याची एक युक्ती रॉय प्लमली या ब्रिटिश निवेदकाला १९४१ साली सुचली. बीबीसीवरच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या कार्यक्रमाची ही कुळकथा. आपलं आवडतं संगीत दुसऱ्याला सांगण्याचे जेवढे रिवाज मला ठाऊक आहेत, त्यांत हा सर्वांत शहाणा वाटतो.

प्लमली तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. युद्धापूर्वी तो फ्रान्समध्ये होता. रेडिओ नॉर्मंडीसारखी व्यापारी केंद्रं तिथून इंग्लंडसाठी इंग्रजी कार्यक्रम प्रसारित करत आणि प्लमली त्यांवर निवेदन करी. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा त्याला तिथून पळ काढावा लागला. इंग्लंडात परतल्यावर बीबीसीला नवनव्या कार्यक्रमांच्या कल्पना सुचवायच्या आणि त्यावर पोट भरायचं, असं चाललं होतं. नोव्हेंबरातल्या एका थंड रात्री, झोपायचे कपडे अंगात असताना, त्याला एक कल्पना सुचली. तो तसाच लिहायला बसला. पत्र होतं बीबीसीतल्या लेस्ली पेरोन यांना. त्यातला प्रश्न असा : निर्जन बेटावर अडकून पडलात तर कोणत्या दहा तबकड्या जवळ असाव्यात असं वाटेल? अर्थात ग्रामोफोन आणि पिनाही जवळ आहेत, असं धरून.

पुढे दहाच्या आठ झाल्या. अर्ध्या तासात बोलणं आणि वाजवणं मिळून तेवढंच मावतं. पण पत्रातली पिनांची आठवण मला फार महत्त्वाची वाटते. कारण ही कल्पना त्या काळाच्या यंत्रातूनच आलेली आहे. तेव्हाची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटं, बारा इंचीवर चार-साडेचार मिनिटं संगीत मावायचं. पोलादी पिन एक बाजू वाजली की बदलायची, नाहीतर झिजलेलं टोक तबकडीच्या रेघा खरवडून काढी. मोठी सिंफनी हवी तर चार-पाच तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या वहीसारख्या बांधलेल्या पाकिटांत घालून विकल्या जात. ‘अल्बम’ तो हाच. एलपी यायला १९४८ उजाडलं. म्हणजे १९४२ साली आठ तबकड्या याचा अर्थ सोळा बाजू, आणि सगळं मिळून तासभराचं संगीत. उरलेलं सगळं आयुष्य आणि सोबतीला एवढा एक तास! इतकी टंचाई असली की माणूस दिखाऊ निवड करायला धजत नाही.

टंचाई नुसती कल्पनेतच नव्हती. या तबकड्या ज्या लाखेच्या बनत, ती मुख्यतः आपल्याकडून जाई : छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांत पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे राळेचं कवच करतात, ती. युद्धामुळे समुद्रमार्ग धोक्यात आले आणि तबकड्यांचा कच्चा मालच आटला. १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत तबकड्यांसाठीच्या लाखेच्या वापरावर सरकारी कात्री लागली. तबकडी ही जपून वापरायची वस्तू आहे, हे त्या वर्षी कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

लंडनमधल्या मेडा व्हेल इथल्या, बॉम्बनं जखमी झालेल्या स्टुडिओत पहिला भाग ध्वनिमुद्रित झाला आणि २९ जानेवारी १९४२ रोजी तो सैनिकांसाठीच्या फोर्सेस प्रोग्रॅमवर लागला. पहिला पाहुणा व्हिक ऑलिव्हर. व्हिएन्नात जन्मलेला हा विनोदी नट पंतप्रधान चर्चिल यांचा जावई होता. लोकांना हसवणाऱ्या या माणसानं पहिली तबकडी मागितली ती आल्फ्रेड कॉर्तोनं वाजवलेल्या शोपँच्या पियानो-रचनेची. गप्पा ऐकायला मोकळ्या वाटत, पण त्यातला शब्दन् शब्द आधी लिहिलेला आणि सेन्सॉरनं तपासलेला असे. प्लमली पाहुण्याशी आधी बोले, त्यातून संहिता बेतली जाई आणि मग दोघंही ती वाचून दाखवत. ऐकणारे कोण होते तेही लक्षात घ्यावं. हजारो लोक घरापासून लांब छावण्यांत होते, हजारोंची घरं बॉम्बहल्ल्यांत गेली होती. जवळचं सगळं हरवलं तर काय उरावं, हा प्रश्न त्यांच्यासाठी करमणुकीपुरता नव्हता. धरणांवरच्या प्रसिद्ध हवाई हल्ल्याचा नायक गाय गिब्सन १९४४ च्या फेब्रुवारीत या कार्यक्रमात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विमान कोसळून गेला.

सुरुवातीला वाजणारी धून एरिक कोट्स यांची, ‘बाय द स्लीपी लगून’. तिच्यावर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट घातलेला. ऐकताना माडांची रांग आणि निळं पाणी डोळ्यांपुढे येतं. कोट्सना ती धून सुचली १९३० साली, सेल्सी गावच्या किनाऱ्यावरून पलीकडे बॉग्नर रेजिसकडे बघताना. म्हणजे अगदी इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावर.

१९४६ मध्ये कार्यक्रम थांबला आणि १९५१ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेव्हा नियम वाढले : एक चैनीची वस्तू, जिचा जगण्यासाठी काहीही उपयोग नसावा, आणि एक पुस्तक; बायबल आणि शेक्सपिअर बेटावर आहेतच असं समजून. पुढे आणखी एक प्रश्न आला. लाटेनं सगळं वाहून न्यायला सुरुवात केली तर आठांतली कोणती एक तबकडी धावत जाऊन वाचवाल? या प्रश्नावर भलेभले गडबडतात. सात तबकड्यांत बाखची आणि बेटोव्हेनची थोरवी सांगून झालेला माणूस आईच्या तोंडचं साधं गाणं मागतो, ते इथे. १९५८ मध्ये एलिझाबेथ श्वार्त्सकॉफ या थोर गायिकेनं आठांपैकी सात तबकड्या स्वतःच्या मागितल्या. लोक आजवर त्याची थट्टा करतात. मला ते उत्तर प्रामाणिक वाटतं. बेटावर कुणी बघणारं नसेल, तर गवयाला आपल्या आयुष्यभराच्या मेहनतीची सोबत हवीशी वाटली, यात लाजण्यासारखं काय आहे?

प्लमलीची खरी करामत मला इथे दिसते. बेटावर श्रोता नाही. ज्याच्यासमोर जाणकार दिसायचं, तो माणूसच त्यानं काढून टाकला. निवड करणारा उरला एकटा, आणि एकट्याच्या निवडीला ‘का’ आपोआप चिकटतो. कारण मग गाणं कुणाची तरी आठवण असतं, एखादं गाव असतं, तरुणपणीचा एखादा पावसाळा असतो.

आपल्याकडच्या फर्माइशी कार्यक्रमांशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. मुंबई केंद्राची ‘आपली आवड’ असो, रेडिओ सिलोन असो की विविध भारती, तिथे नावं आणि गावं भरपूर. एकेका गाण्यामागे दहा-दहा नावं वाचली जात आणि आपलं नाव आलं की घरात आरडाओरडा होई. त्यातला आनंद खराच होता. पण कोल्हापूरच्या त्या माणसाला तेच गाणं का हवं होतं, हे पोस्टकार्डावर राहून जाई. ‘का’ला जागा मिळाली ती विविध भारतीच्या ‘विशेष जयमाला’त. तिथे सिनेमातली मंडळी स्वतः निवडलेली गाणी सैनिकांना ऐकवत आणि त्यांमागच्या हकिगती सांगत. तिकडे फोर्सेस प्रोग्रॅम, इकडे फौजी भाई. घरापासून दूर बसलेल्या माणसाला नुसतं गाणं पुरत नाही, ते कुणीतरी आपल्यासाठी निवडलेलं असावं लागतं.

याच कुळातली सर्वांत लांबची शाखा १९७७ साली आकाशात गेली. व्हॉयेजर यानांवर बसवलेल्या तबकडीत साऱ्या पृथ्वीचं मिळून नव्वद मिनिटांचं संगीत मावणार होतं, सत्तावीस रचना. कार्ल सेगन यांच्या गटासाठी संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी भारतीय संगीतातून सुचवलं ते केसरबाई केरकरांचं ‘जात कहां हो’, भैरवीतलं. ती तबकडी मिळेना. अखेर ॲन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका भारतीय दुकानात, घरगुती उपकरणांच्या पसाऱ्यात सापडली. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांची स्वतःची मात्र एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. बेटावर जाताना ही दोन माणसं कितीही वाटलं तरी नेता येत नाहीत. ज्यांनी त्यांना ऐकलं होतं, त्यांच्या आठवणींवर आणि शिष्यांच्या गळ्यावर भागवावं लागतं.

आमच्या ओळखीच्या काही मंडळींत हा आठ तबकड्यांचा खेळ अधूनमधून रंगतो आणि दर वेळी भांडण एकाच मुद्द्यावर होतं : गीतरामायण ही एक तबकडी धरायची की नाही? १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रानं आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोडं अधिक काळ ऐकवलेली ती छप्पन्न गाणी. एकात छप्पन्न मिळवण्याचा मोह कुणालाही होणारच. मी प्लमलीच्या बाजूनं आहे. त्याच्या तबकडीची एक बाजू साडेचार मिनिटांत संपत होती, तेव्हा छप्पन्नातलं एक निवडा. यावर एक काकू मोठ्यानं चिडतात, वाद घालतात, आणि मग दर वेळी तेच एक गाणं निवडून सांगतात की त्या वर्षी त्यांच्या घरी रेडिओ नव्हता; शेजारच्या ओट्यावर बसून ऐकावं लागे, आणि ते गाणं लागलं त्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांना पहिल्यांदा आत बोलावलं.