फिरत्या डीजेसाठी माइक निवडताना

लग्नाची वरात, हळद, १४ एप्रिलची भीमजयंती, गणेश विसर्जन, गावोगावची खंजेरी भजने अशा प्रसंगी वर्धा जिल्ह्यात डीजे व साउंड सर्व्हिसला मोठी मागणी असते. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी या भागांतील व्यावसायिकांना आज मंगल कार्यालयात, तर उद्या उघड्या मैदानावर काम करावे लागते. स्पीकर व अॅम्प्लिफायर यांवर मोठा खर्च होतो. माइकची खरेदी मात्र उरलेल्या पैशांत उरकली जाते. वास्तविक मंगलाष्टके, सूचना व भाषणे श्रोत्यांपर्यंत पोहोचतात ती माइकमधूनच. माइकचा दोष मोठ्या स्पीकरने झाकला जात नाही. तो अधिक मोठ्याने ऐकू येतो.

डायनॅमिक की कंडेन्सर?

डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्रात हलते व त्यातून विद्युत संकेत निर्माण होतो. या माइकला बाहेरून वीज लागत नाही आणि तो धक्के, धूळ व उष्णता बऱ्यापैकी सोसतो. कंडेन्सर माइक अधिक संवेदनशील असतो. त्याला सामान्यतः मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. ध्वनिमुद्रणासाठी तो उत्तम. परंतु स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहून बोलण्याच्या कामी डायनॅमिक माइकच भरवशाचा ठरतो. अमेरिकेतील शुअर कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलेला ‘एसएम ५८’ हा याच प्रकारातील जगप्रसिद्ध माइक आहे.

शिट्टी का वाजते?

स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला, की कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. म्हणून सर्व दिशांचा आवाज टिपणारा माइक येथे टाळावा. ‘कार्डिऑइड’ माइक समोरचा आवाज अधिक व मागचा सर्वांत कमी टिपतो. ‘सुपरकार्डिऑइड’चे क्षेत्र आणखी अरुंद असते, मात्र तो अगदी मागचा आवाज थोडा टिपतो, म्हणून मॉनिटर स्पीकर त्याच्या थेट मागे न ठेवता तिरका ठेवावा. मंगलाष्टकांच्या वेळी माइक अनेकांच्या हाती फिरतो आणि पुष्कळ जण त्याची जाळी मुठीत धरतात. त्यामुळे माइकचा दिशागुण नष्ट होतो व शिट्टीला वाट मिळते.

तोंडापासूनचे अंतरही महत्त्वाचे असते. अंतर निम्मे केले, की माइकपर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. २० सेंटिमीटरऐवजी ५ सेंटिमीटरवरून बोलल्यास हा लाभ सुमारे १२ डेसिबलचा होतो. अशा वेळी आवाज न चढवताही शब्द स्पष्ट ऐकू येतात. जवळून बोलताना आवाजाला येणारा घुमारा मिक्सरवर ‘बास’ कमी करून काढता येतो.

वायरलेस घेताना

वरातीत वायरलेस माइक सोयीचा ठरतो. परंतु एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीवर चालणारा संच शेजारच्या लग्नमंडपातील संचाशी भिडू शकतो. म्हणून फ्रिक्वेन्सी बदलता येणारा, दोन अँटेनांचा यूएचएफ संच घ्यावा. २०२२ च्या लिलावानंतर ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जी मोबाइल सेवेसाठी वापरला जाऊ लागला. त्या पट्ट्यातील जुने संच स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. रिसीव्हर गर्दीच्या वर आणि माइकच्या दृष्टिक्षेपात असावा. विदर्भातील उन्हाळ्यात माइक व बॅटऱ्या बंद गाडीत सोडू नयेत.

कायद्याची मर्यादा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे; राज्य शासन वर्षातील कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवती घोषित शांतता क्षेत्रात ध्वनिवर्धक वापरणे दंडनीय आहे. रुग्णालयावरून वरात नेताना याचे भान ठेवणे हे रुग्णांच्याही हिताचे आहे. या चौकटीत आवाज वाढवून काम भागत नाही. शब्द स्वच्छ पोहोचवणारा माइकच उपयोगी पडतो.

खरेदीपूर्वी हे पाहावे

- आपल्याच मिक्सर व स्पीकरवर बोलून माइकची चाचणी घ्यावी.
- माइक हातात फिरवताना खरखर येते का, ते तपासावे.
- केबल तीन पिनांच्या एक्सएलआर प्रकारची, बॅलन्स्ड असावी; लांब अंतरावर तिच्यात घरघर कमी शिरते.
- जाळी व फोम काढून धुता येतात का, ते पाहावे.
- वायरलेस कितीही चांगला असला, तरी वायरचा एक माइक राखीव असावाच.